फिल्टरमध्ये काय भरावे?

मत्स्यटाकी ठेवण्याची हौस आता चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीतही आली आहे. हौस वाईट नाही. परंतु तिच्या पाठोपाठ एक जुनी समजूतही घरात शिरते. टाकीतला जीव मेला की घरावर येणारे संकट त्याने अंगावर घेतले असे म्हणायचे, आणि दुसरा जीव विकत आणायचा! टाकी कोणत्या दिशेला ठेवावी हे सांगणारे पुष्कळ भेटतात. टाकीतल्या पाण्यात काय घडते हे सांगणारा क्वचितच भेटतो.

आम्ही काही कार्यकर्ते माझगावात दर रविवारी मुलांचा अभ्यासवर्ग चालवतो. वर्गातल्या आठवीच्या एका मुलीने खाऊचे पैसे साठवून बारा चेरी श्रिम्प आणल्या. श्रिम्प म्हणजे कोळंबीच. ही गोड्या पाण्यातली, लालचुटुक, जेमतेम इंचभर. भाऊच्या धक्क्यावरून वाट्याने कोळंबी आणून कालवण करणारी आमची माणसे. कोळंबी पाळायची, याचे सर्वांना हसू आले. पण दहा दिवसांत बारापैकी दोनच उरल्या. आजी म्हणाली, "जाऊ दे बाय, घरावरचं त्यांनी घेतलं." मुलगी वर्गात येऊन म्हणाली, "सर, मग उरलेल्या दोघींनी का नाही घेतलं?"

प्रश्न बिनतोड होता. त्याचे उत्तर शोधणे आम्हाला भागच होते.

उत्तर फिल्टरमध्ये सापडले. श्रिम्पची विष्ठा आणि उरलेले खाणे कुजले की पाण्यात अमोनिया तयार होतो. तो डोळ्यांना दिसत नाही; पाणी काचेसारखे स्वच्छ असूनही विषारी असू शकते. निसर्गात काही जिवाणू या अमोनियाचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. नायट्राइटही घातकच, नायट्रेट त्या मानाने सौम्य, थोडे थोडे पाणी बदलले की आटोक्यात राहते. हे काम जिवाणूंचे आहे हे रशियन शास्त्रज्ञ सर्गेई विनोग्राद्स्की यांनी १८९० च्या सुमारास दाखवून दिले. नव्या टाकीत हे जिवाणू पुरेसे नसतात. बारा जणींची घाण त्यांना झेपली नाही, दोघींची झेपली. संकट कोणी घेतले नाही, की कोणी टाळले नाही.

म्हणून फिल्टरमध्ये भरायची वस्तू निवडताना एकच प्रश्न विचारावा : ही वस्तू कोणते काम करते? कामे तीन. पांढरा कापूस तरंगता कचरा अडवतो. कोळशाचे दाणे रंग, वास आणि औषधांचा अंश शोषतात. पण काही आठवड्यांत त्यांची ताकद संपते आणि ते बदलावे लागतात. तिसरे काम जिवाणूंना घर देण्याचे. त्यासाठी स्पंज, चिनी मातीच्या सच्छिद्र कड्या किंवा लाव्हा दगड चालतो. भोके जितकी जास्त, तितकी राहायला जागा जास्त.

एका दुकानदाराने मुलीच्या वडिलांपुढे परदेशी चित्रांचा एक पुडा ठेवला होता. त्याची किंमत हवेचा पंप आणि स्पंज फिल्टर या दोहोंपेक्षा जास्त होती. आम्ही स्पंज घ्यायला सांगितले. स्पंज कचरा अडवतो, जिवाणूंना घर देतो, आणि पंपाच्या बुडबुड्यांमुळे त्यांना लागणारा प्राणवायूही मिळतो. शिवाय श्रिम्पची पिल्ले दोन मिलिमीटरची असतात. जोराने ओढणाऱ्या फिल्टरमध्ये ती खेचली जातात. स्पंजवर उलट ती चरतात.

आता धुण्याची गोष्ट. मुलीची आई दर दोन दिवसांनी फिल्टर नळाखाली चोळून धूत असे. माउलीचा हेतू स्वच्छतेचा. परंतु माझगावच्या नळाला येणारे पाणी तानसा, वैतरणा, भातसा अशा दूरच्या धरणांतले. ते वाळूच्या थरांतून गाळतात, क्लोरिन घालतात, आणि मग ते भंडारवाड्याच्या टेकडीवरच्या जलाशयासारख्या ठिकाणी साठवून आपल्यापर्यंत येते. क्लोरिन रोगजंतू मारतो म्हणून आपली मुले सुखरूप आहेत. पण तोच क्लोरिन फिल्टरमधले उपयोगी जिवाणूही मारतो. म्हणून स्पंज टाकीतूनच काढलेल्या बादलीभर पाण्यात हलक्या हाताने पिळावा, तोही पाणी येणे मंदावेल तेव्हाच. टाकीत घालायच्या पाण्यातला क्लोरिन हायपोच्या खड्यांनी जातो. प्रमाण दुकानात विचारून घ्यावे.

आणखी दोन गोष्टी. आपले धरणाचे पाणी मृदू असते आणि श्रिम्पला कात टाकून नवे कवच करायला कॅल्शियम लागते. त्यासाठी फिल्टरजवळ कापडात बांधून मूठभर प्रवाळाचे तुकडे ठेवता येतात. आणि माशांच्या ज्या औषधात तांबे आहे ते श्रिम्पच्या टाकीत कदापि घालू नये.

उरलेल्या दोघींना मुलीने बरणीत ठेवले आणि रोज थोडे पाणी बदलले. टाकीत चिमूटभर खाणे कुजत ठेवून पाच आठवडे नुसता स्पंज चालवला. थेंबांच्या किटने तपासून अमोनिया आणि नायट्राइट शून्य दिसल्यावरच दोघींना टाकीत सोडले, मग नव्या सहा आणल्या. त्यातल्या एकीच्या पोटाखाली पुढे अंडी दिसली. आजी चष्मा लावून ती मोजायला बसली!

वाचक बंधू-भगिनींनो, टाकी जरूर ठेवा, परंतु जीव आणण्याआधी पाच-सहा आठवडे फिल्टर चालवा. महागडा पुडा समोर आला तर त्याचे काम विचारा. आणि एखादा जीव मेलाच, तर मुलांना दृष्ट आणि दिशा सांगू नका. त्यांच्या हाती किट द्या आणि पाणी तपासायला सांगा. मूल एकदा "का?" विचारायला शिकले, की ते टाकीपुरते थांबत नाही.