गुडघे बसत नाहीत

डाव्या कानाने आता नीट ऐकू येत नाही. म्हणून शाळांच्या स्वरचित काव्यस्पर्धेला परीक्षक म्हणून जायचं, तर मी कवितांचे कागद आधी मागवून घेतो. निम्मा निकाल तिथेच फिरतो. हातवारे करून टाळ्या घेणारी कविता कागदावर बरेचदा पाणचट निघते: आई, शेतकरी, झाडे लावा, आणि शेवटी उपदेशाचं कडवं.

माझं घोडं अडलंय ते मात्र दुसरीकडेच. दहावीतल्या एका मुलीने भुजंगप्रयात घेतला होता. तीन ओळी चोख. चौथीत आजीचे गुडघे कुरकुरले आणि वृत्त मोडलं. पहिल्या तीन ओळी कुणीही लिहिल्या असत्या; चौथी तिचीच होती. 'गुडघे' म्हणजे लघू, लघू, गुरू. भुजंगप्रयातात दोन लघू शेजारी बसतच नाहीत. 'ढोपरे' बसतात, मी रात्री बसवून पाहिले. पण त्या घरात गुडघेच दुखत असणार. 'पाय' घातले तर आजी कुणाचीही होते. मग लयीच्या रकान्यात गुण किती द्यायचे? माझ्यासोबतचे गझलकार बोटांवर मोजून लगेच कापतात. मुक्तछंदवाले त्या रकान्यात सगळ्यांना सारखेच गुण टाकून चहाला मोकळे होतात. दोघांचाही मला हेवा वाटतो.

१९०७ साली जळगावच्या कविसंमेलनात त्र्यंबक बापूजी ठोमरे हा सोळा-सतरा वर्षांचा पोरगा कविता म्हणायला उभा राहिला आणि अध्यक्ष डॉ. कीर्तिकरांनी त्याला 'बालकवी' ठरवलं. त्यांच्यापुढे रकाने नव्हते. असा एखादा पोरगा आपल्याही हाती लागावा, पुढे त्याच्या चरित्रात आपलं नाव एका ओळीत यावं, ही हाव मला या वयातही सुटत नाही. तेवढ्यासाठी मी एकही आमंत्रण परत पाठवत नाही.

त्या मुलीला मी आशयाचे पैकीच्या पैकी दिले. बेरजेत ती उत्तेजनार्थवर राहिली.

येत्या २७ फेब्रुवारीला, कुसुमाग्रजांच्या जयंतीला, मला बोलावणार असाल तर कविता आठवडाभर आधी, नावं झाकून पाठवा. सादरीकरणाचा रकाना काढून टाका. शाल-नारळ नसला तरी चालेल. निकालाआधी माझी एक कविता मात्र म्हणू द्या.