पहिली धावणारी

उमापूरच्या पोरांना क्रिकेट आणि कबड्डी पुरते. हॉकीची स्टिक आमच्याकडे बहुतेकांनी टीव्हीवरच पाहिलेली. म्हणून गेल्या उन्हाळ्यात आमच्या गल्लीतली एक मुलगी खांद्याला लांब पिशवी लावून एसटीतून उतरली, तेव्हा किराणावाल्या चाचांनी विचारलं, "सतार है क्या बेटा?"

सातवीपर्यंत ती माझ्या वर्गात होती. आता छत्रपती संभाजीनगरला बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, कॉलेजच्या संघात खेळते. तिची अम्मी माझ्याकडे आली. "बाजी, तुमचं ऐकते ती. चांगला रिश्ता आलाय, पण त्यांची अट आहे, खेळ बंद. जरा समजवा."

समजवायचं तर आधी समजून घ्यायला हवं. मी तिला असरनंतर घरी बोलावलं. तिनं ओट्यावर खडूनं 'डी' काढला आणि चिंचोके मांडून पेनल्टी कॉर्नर समजावला. बचाव करणाऱ्या पाच जणी, गोलरक्षक धरून, गोलरेषेमागे. समोरची एक जण रेषेवरून चेंडू आत ढकलते, तो डीच्या बाहेर अडवला जातो आणि मग गोलाकडे फटका. चेंडू दीडशे ग्रॅमच्या वर वजनाचा, दगडासारखा टणक. या पाचांतली एक जण चेंडू ढकलताक्षणी थेट फटका मारणारीच्या दिशेनं धावत सुटते. तोंडावर मुखवटा, गुडघ्याला पॅड.

"ती मी," असं म्हणून तिनं एक चिंचोका पुढे सरकवला.

"भीती नाही वाटत?"

"वाटते ना बाजी. पण जागेवर थांबलं तर तिला हवा तिथं मारता येतो. जवळ गेलं की कोनच उरत नाही."

चार-पाच दिवस असं चाललं. पोरगी वर्गात इतकं कधी बोलली नव्हती!

अम्मीची खरी अडचण चेंडूची नव्हती, कपड्यांची होती. ही पूर्ण बाह्या, लेगिंग आणि डोक्याला स्कार्फ बांधून खेळते. मलेशियाच्या मुली आंतरराष्ट्रीय सामन्यांतही डोकं झाकून खेळतात, ते फोटो मी अम्मीला मोबाइलवर दाखवले. ती बराच वेळ बघत राहिली, बोलली काही नाही.

तिचे दादा मात्र बाजेवरून बोलले. 1975च्या विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात मलेशिया 2-1नं पुढे होता, वेळ संपत आली होती. भोपाळच्या अस्लम शेर खानला बाकावरून उठवून पेनल्टी कॉर्नरसाठी पाठवलं आणि त्यानं बरोबरी साधली. पुढे आपण कप जिंकला. दादांनी ते रेडिओवर ऐकलेलं. अस्लमचे वडील अहमद शेर खान 1936च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये खेळलेले, हेही त्यांना तोंडपाठ. असे किस्से आपल्या घरांत नातवांना सांगितले जातात. फलटण तालुक्यातली वैष्णवी फाळके भारताकडून खेळते, हे नातीला कोण सांगतं?

अम्मीला मी एवढंच म्हणाले, निकाहात मुलीची मर्जी विचारतात ती उगाच नाही, आधी विचारून बघा. रिश्तेवाल्या बायका आल्या तेव्हा तिनं स्वतःच सांगितलं, "डिग्री होईपर्यंत खेळणार. त्याच्या पुढचं तेव्हा ठरवू." बायकांनी चहा घेतला, शीरखुर्म्याची तारीफ केली आणि गेल्या. पुढे निरोप आला नाही. अम्मी पंधरा दिवस माझ्याशी नीट बोलली नाही. मी ते मनावर घेतलं नाही. आईला मुलीच्या घराची काळजी असतेच, आणि चांगली स्थळं रोज येत नाहीत हेही खरं.

तिचे अब्बा टेम्पो चालवतात. दिवाळीनंतर कापूस घेऊन त्या बाजूला गेले होते, तर सामना बघायला थांबले. पहिल्यांदाच. दोन दिवसांनी शाळा सुटताना फाटकापाशी भेटले.

"बाजी, कॉर्नरला तीच का पळते पुढे? दुसरी कुणी नाही का?"

मी कारण सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, मग चांगला मुखवटा कितीला मिळतो ते विचारलं. मला माहीत नव्हतं. तिलाच फोन लावून दिला.