नोराचा कपडेबदल

नोरा केली म्हटलं की लोक घर सोडताना ती आपटते त्या शेवटच्या दरवाजाबद्दलच विचारतात. तो आपटला कसा, प्रेक्षक दचकले का. माझ्या लेखी इब्सेनच्या 'डॉल्स हाऊस'मधला संसार त्याआधीच संपतो, विंगेत, आणि तेव्हा रंगमंचावर नोरा नसते.

तिसरा अंक. पार्टीत नाचून ती घरी आली आहे. अंगात नेपल्सच्या कोळणीचा पोशाख, तोही नवऱ्यानेच, हेल्मरने, इटलीत शिवून घेतलेला. त्याचा जीव वाचवायला तिने वडिलांची खोटी सही करून कर्ज काढलं होतं, कारण त्या काळी नवऱ्याच्या संमतीशिवाय बाईला कर्ज घेता येत नसे. ते उघड होताच हेल्मर तिला मुलं वाढवायला नालायक ठरवतो. मग कर्जाचा कागद परत येतो, धोका टळतो आणि तो तिला माफ करून टाकतो. नोरा आभार मानून कपडे बदलायला आत जाते. हेल्मर उघड्या दाराशी बोलत राहतो: ससाण्याच्या तावडीतून सोडवलेल्या कबुतरासारखं तुला जपेन, आता तू माझी बायकोही आणि लेकरूही.

सुरुवातीच्या तालमींत एवढ्या वेळात मी पुढची वाक्यं घोकायचे. बाहेर आले की आवाज चढायचा. दिग्दर्शक सांगायचे, तू भांडतेयस, ही बाई भांडत नाही. मला ते समजत नव्हतं.

रंगीत तालमीला पाठीचा एक हूक अडकला. कपडेपटातल्या मावशी त्याच्याशी झटत होत्या. मी नुसती उभी. हाताला काम नाही, म्हणून पहिल्यांदाच बाहेरचं बोलणं शब्द न् शब्द ऐकलं. त्यात प्रेम होतं, अगदी मनापासूनचं. आणि त्या प्रेमात मी कुठेच नव्हते. आठ वर्षं हा माणूस कुणा भलतीशीच बोलत आला होता. घरातला साधा झगा चढवून मी बाहेर आले, त्याला समोर बसायला सांगितलं, आणि आवाज आपोआप खाली आला होता.

इब्सेनचं हे नाटक पहिल्यांदा २१ डिसेंबर १८७९ला कोपनहेगनच्या रॉयल थिएटरमध्ये आलं. लगेच १८८०मध्ये जर्मनीत हेडविग नीमान-राबं या मोठ्या नटीने मुलांना सोडून जाणारी नोरा करायला नकार दिला. दुसऱ्या कुणी मोडतोड करू नये म्हणून इब्सेनने स्वतःच वेगळा शेवट लिहून दिला, ज्यात मुलांच्या खोलीच्या दाराशी नोरा कोसळते आणि थांबते. त्या शेवटाला तो स्वतः रानटी अत्याचार म्हणाला. आपल्याकडे मो. ग. रांगणेकरांनी या नाटकावरून प्रेरणा घेऊन 'कुलवधू' लिहिलं, १९४२मध्ये. ज्योत्स्ना भोळे यांनी भानुमती केली.

त्या जर्मन नटीचा मला राग येत नाही. आमच्या पहिल्या प्रयोगानंतर माझ्या सासूबाईंनीही आत येऊन तेच विचारलं, मुलांचं काय गं? इतर बायकांनीही विचारलं, पुरुषांनीही. हेल्मरला मुलं सांभाळता येतील का, असं मात्र अजून एकानेही विचारलेलं नाही.

तुमच्यापैकी कुणी नोरा करणार असेल, तर एवढंच करा. विंगेत कपडे बदलताना वाक्यं घोकू नका. हेल्मर काय म्हणतोय ते ऐका.