आधी नोड कसे चालतात ते बघावं

फिरत्या जाळ्यांच्या प्रोटोकॉलची तुलना हातात आली की मी निकालाच्या आलेखाकडे नंतर वळतो. नोड, म्हणजे जाळ्यातली यंत्रं, कसे हलवले ते आधी शोधतो. जिथे टॉवर नाही, प्रत्येक यंत्र शेजाऱ्याचं पॅकेट पुढे पोचवतं आणि सगळीच फिरतात, तिथे कोण सरस ठरेल हे बरंचसं त्या फिरण्यातच ठरून गेलेलं असतं.

१९९८ साली कार्नेगी मेलनच्या संशोधकांनी डीएसडीव्ही, टोरा, डीएसआर आणि एओडीव्ही हे वाट शोधणारे चार प्रोटोकॉल संगणकी चाचणीत एकत्र तपासले. ५० नोड, ९०० सेकंद, १५०० बाय ३०० मीटरची जागा. लांबट मुद्दाम, म्हणजे पॅकेटला लांबच्या वाटा घ्याव्याच लागतात. हालचालींच्या फाइली त्यांनी आधी बनवल्या आणि चौघांना त्याच दिल्या. या एका शिस्तीसाठी मला ते काम फार मोलाचं वाटतं.

नोड धावू लागले की डीएसडीव्हीचे आधीच भरून ठेवलेले वाटांचे तक्ते शिळे होतात आणि पॅकेटं तुटलेल्या वाटेवर जाऊन हरवतात. डीएसआर गरज पडेल तेव्हाच वाट शोधतो, पण अख्खी वाट प्रत्येक पॅकेटच्या माथ्यावर लिहितो. त्यामुळे वाट शोधण्याची पॅकेटं मोजली तर तो एओडीव्हीपेक्षा स्वस्त. बाइट मोजले तर, धावपळ फार नसेल तेव्हा, महाग. दोन्ही उत्तरं खरी आहेत. कुठलं मोजायचं हे आपल्याला बॅटरी वाचवायची आहे की बँडविड्थ, की माध्यमावरची गर्दी टाळायची आहे, त्यावरून ठरवावं लागतं.

सरासरी विलंब मात्र मी एकटा कधीच वाचत नाही. तो पोचलेल्या पॅकेटांचाच असतो. नापासांना वगळून वर्गाची सरासरी काढावी तसं ते! दूरची, अवघड पॅकेटं टाकून देणारा प्रोटोकॉल तिथे वेगवान दिसतो.

आणि नोड हलवण्याची रँडम वेपॉइंट ही पद्धत. नोड एक ठिकाण निवडतो, शून्य ते कमाल यांतला एखादा वेग घेतो, पोचतो, थांबतो, पुन्हा निघतो. २००३ मध्ये यून, लिऊ आणि नोबल यांनी दाखवलं की किमान वेग शून्य ठेवला तर सरासरी वेग घसरतच राहतो; ज्यांच्या वाट्याला अगदी कमी वेग आला ते नोड रांगत राहतात, त्यांचा प्रवास संपतच नाही. म्हणजे जाळं हळूहळू स्थिरावतं आणि लांबलेल्या चाचणीत सगळेच प्रोटोकॉल आहेत त्यापेक्षा चांगले दिसू लागतात. किमान वेग शून्याच्या वर ठेवायचा आणि सुरुवातीचा काळ हिशेबातून वगळायचा, एवढाच उपाय. किमान वेग आणि वगळलेला काळ हे दोन आकडे ज्या अहवालात नाहीत, त्यातल्या विजेत्यावर मी विश्वास ठेवत नाही.