फुलाच्या पोटातला बर्फ

आमच्या कंधारच्या थंडीला दात नाहीत. पौषात मन्याडकाठी शेकोट्या पेटतात, आंब्याचा मोहोर धुक्याने काळवंडतो. पण दव गोठलेले मी तिथे कधी पाहिले नाही. म्हणून भाच्याने महाबळेश्वरला वेण्णा तलावाजवळ खंडाने जमीन घेऊन स्ट्रॉबेरी लावली, तेव्हा त्याच्या आईला धास्ती होती ती पावसाची.

एका जानेवारीत त्याचा फोन आला. "मामा, पहाटे पानांवर बर्फ होता. पण फुलं पांढरीशुभ्र आहेत, काही बिघडलेलं दिसत नाही." दोन दिवसांनी पुन्हा फोन. पाकळ्या तशाच होत्या. मधली पिवळी घुंडी मात्र काळी पडली होती. फळ व्हायचे ते त्या घुंडीचेच!

हा वरून न दिसणारा मृत्यू पाहायला शास्त्रज्ञांनी कोणते यंत्र घ्यावे? एमआरआय! नांदेडला त्या बोगद्यात पाठ टेकून मी अर्धा तास ठोकठोक ऐकलेली. तिथे कळी निजवतात हे वाचून मला हसूच आले. परंतु यंत्राला कळी काय नि मणका काय, दोन्ही सारखेच. लाउटरबर यांनी 1973 साली या पद्धतीने पहिले चित्र छापले, तेही पाण्याच्या नळ्यांचे. यंत्र हाक मारते ती पाण्यातल्या हायड्रोजनला. द्रव पाणी ओ देते, गोठलेले जवळजवळ मुके होते. चित्रात तेवढी जागा काळी पडते. फूल न कापता बर्फ कुठून कुठे सरकला ते दिसते. जपानात 1997 साली मेपलच्या कळ्या अशा पाहिल्या. बाहेरचे खवले आधी गोठले होते आणि आतला कोवळा अंकुर शून्याच्या खालीही द्रवच होता. शून्याला पाणी गोठलेच पाहिजे असे नाही. त्याला निमित्त लागते. कधी एखादा जीवाणूही पुरतो.

"मग ते यंत्र फूल वाचवतं का?" भाच्याने विचारले. वाचवत नाही, बाबा. बर्फ कुठे शिरतो एवढेच सांगते. वाचवण्याचे उपाय जुनेच आहेत. परदेशी बागाईतदार कडाक्याच्या रात्री फुलांवर पाणी शिंपत राहतात, कारण गोठताना पाणी ग्रॅममागे 80 कॅलरी उष्णता सोडते. वेडेपणा वाटतो, पण हिशेब बिनचूक आहे. मात्र पाणी मध्येच थांबले, तर न शिंपलेले बरे.

भाच्याने तूर्त एक केले आहे. छातीच्या उंचीवर टांगलेला उष्णतामापक त्याने खाली वाफ्याशी, फुलांच्या बरोबरीने आणला आहे. निरभ्र, निवांत रात्री तिथे थंडी अधिक असते. पहाटे तीनला तो बॅटरी घेऊन पारा पाहायला जातो.