आम्ही चौकट निवडतो

माझ्या आयुष्यातले महत्त्वाचे निर्णय मी कधीच घेतलेले नाहीत. बीएमसीसीत कॉमर्सला नाव वडिलांनी घातलं, बँकेचा फॉर्म मामानं भरला आणि लग्न ठरलं तेव्हा मी पोहे खात होतो. शेहेचाळिसाव्या वर्षापर्यंत हे असं सुरळीत चाललं होतं. मग आमच्या सदाशिव पेठेतल्या छोट्याशा वाचनालयाच्या कार्यकारिणीनं ठराव केला, की वाचनालयाच्या नव्या संकेतस्थळासाठी पीएचपीचं फ्रेमवर्क कोणतं घ्यायचं, ते मी ठरवावं.

"मीच का?" मी विचारलं.

"तुम्ही दिवसभर कॉम्प्युटरपुढं असता ना!" अध्यक्ष म्हणाले.

ह्या न्यायानं पीएमपीच्या कंडक्टरला इंजिन खोलायला सांगायला हरकत नाही. तोही दिवसभर बसमध्येच असतो.

खरं म्हणजे हा मान नव्हता, प्रायश्चित्त होतं. २०१२ साली एका सभासदाच्या पुतण्यानं शाल-श्रीफळावर आम्हाला संकेतस्थळ करून दिलं होतं. कोणाकडे कोणतं पुस्तक, कोणाची अनामत किती, सगळं त्यावर. "आता हातानं रजिस्टर लिहिणं बंद करावं," असा ठराव तेव्हा मीच मांडला होता. ग्रंथपाल काका काही बोलले नाहीत, फक्त पेनाचं टोपण लावलं. पुढे पुतण्या कॅनडाला गेला आणि २०१९ च्या सुरुवातीला एका सकाळी संकेतस्थळ उघडावं, तर पान पांढरंशुभ्र!

कारण नंतर कळलं. पीएचपी ५.६ ह्या आवृत्तीच्या सुरक्षेच्या दुरुस्त्या ३१ डिसेंबर २०१८ ला थांबल्या, म्हणून जागा भाड्यानं देणाऱ्यांनी आम्हाला सातव्या आवृत्तीवर नेऊन बसवलं. आणि पुतण्या डेटाबेसशी ज्या जुन्या फंक्शनांतून बोलत होता, ती सातव्या आवृत्तीनं २०१५ सालीच हद्दपार केली होती. माहिती आत, आम्ही बाहेर. सभासद अनामतीची चौकशी करायला जिन्यात उभे. तेव्हा काकांनी खालचा खण उघडला आणि रजिस्टर काढलं. सात वर्षं ते रोज संध्याकाळी गुपचूप लिहीत होते. त्या दिवशी माझ्याकडे कोणी पाहिलंसुद्धा नाही. पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

तर ह्या खेपेला चूक नको म्हणून मी हिंजवडीत नोकरीला असलेल्या भाच्याला गाठलं. "अरे, फ्रेमवर्क म्हणजे नक्की काय?"

"मामा, तुझ्या भाषेत सांगतो. तुझ्या बँकेत गिऱ्हाईक काउंटरवर येतं. काउंटर म्हणजे व्ह्यू. कागद साहेबांकडे जातो, ते तपासतात, तो कंट्रोलर. आणि खातेवही-तिजोरी म्हणजे मॉडेल. गिऱ्हाईक थेट तिजोरीत जात नाही. त्या पुतण्याच्या कामात जात होतं! फॉर्ममध्ये कोणी काहीही लिहिलं, की ते तसंच्या तसं डेटाबेसच्या हुकुमात जाऊन बसायचं. फ्रेमवर्क म्हणजे ह्या सगळ्याची आयती आखलेली चौकट. लॉगिन, तपासणी, सुरक्षा, कोणती फाइल कुठं, सगळं ठरलेलं."

म्हणजे रकाने छापलेली वही! मी बँकेत लागलो तेव्हा जुन्या लेजरांचे शेवटचे दिवस होते. त्यातलं अक्षर कोणाचंही असो, नावे-जमा कुठं बघायचं ते नव्या माणसाला कळायचं. एवढं समजल्यावर मला चक्क उत्साह आला.

मग स्थळं सुरू झाली. भाच्यानं यादी पाठवली: केकपीएचपी आणि सिंफनी २००५ ची, कोडइग्नायटर २००६ चं, यी २००८ चं आणि लारावेल २०११ चं. मी कार्यकारिणीत वाचून दाखवली. "वाचनालयाला केक कशाला?" कोशाध्यक्षांनी विचारलं. ते खर्चाच्या बाबतीत दक्ष आहेत. ही सगळी फुकट मिळतात म्हटल्यावर त्यांचा संशय आणखी वाढला.

उपाध्यक्षांचे जावई म्हणाले, सिंफनी घ्या, फ्रेंच घराणं, भारदस्त काम, काही आवृत्त्यांना सुरक्षेच्या दुरुस्त्या चार-चार वर्षं. चिटणीसांचा मुलगा म्हणाला, कोडइग्नायटर घ्या, हलकंफुलकं, स्वस्तातल्या जागेतही पळतं. मात्र २०१४ साली ते कॅनडातल्या एका तंत्रसंस्थेला दत्तक गेलेलं आणि २०२० ची चौथी आवृत्ती मुळापासून नव्यानं लिहिलेली, म्हणजे तिसरीवाल्यांना घर बदलल्यासारखंच. कॅनडा म्हटल्यावर कार्यकारिणी जरा दचकलीच. भाचा म्हणाला, लारावेल. नंतर लक्षात आलं, की जो तो आपल्या ऑफिसात जे आहे त्याचीच शिफारस करतो. पुण्यात मिसळीच्या बाबतीत असंच असतं. जी घराजवळ, ती सर्वश्रेष्ठ.

त्यातून कळलं, की लारावेलच्या आतले बरेच भाग सिंफनीचेच आहेत. म्हणजे जावई आणि भाचा एकाच वाड्यातल्या दोन बिऱ्हाडांसाठी भांडत होते!

मी बँकेच्या शिस्तीनं तक्ता केला. वेग, सुरक्षा, सोपेपणा, प्रत्येकी वीस गुण. रात्री बारापर्यंत बेरजा चालल्या. सौ. डोकावून म्हणाली, "लग्नाच्या वेळी एवढं पाहिलं होतंत का?" मी पोह्यांची आठवण काढली नाही. पहिल्या तीन स्थळांत अवघ्या दोन गुणांचा फरक पडला.

सभेत तक्ता फिरला. सगळ्यांनी चष्मे चढवले, सगळ्यांनी उतरवले. तेव्हा कोपऱ्यातून काकांनी पहिल्यांदाच तोंड उघडलं. "हे करणारा मुलगा गेल्यावर कोण बघणार?"

माझ्या तक्त्यात हा रकानाच नव्हता! वीस वर्षांच्या नोकरीत मी किती बदल्या पाहिल्या. चार्ज दिल्या-घेतल्याशिवाय आम्ही कोणाला हार घालत नाही. आणि इथं मी वेग मोजत बसलो होतो. दिवसाला चाळीस पुस्तकं देणाऱ्या वाचनालयाला वेग कशाला हवाय?

दुसऱ्या दिवशी तक्ता बाजूला ठेवून मी नुसता फोन घेऊन बसलो. ओळखीपाळखीत प्रत्येक चौकटीची कामं करणारी माणसं किती, एवढंच विचारलं. लारावेलची पाच सापडली, त्यातला एक तर आमच्याच गल्लीतला. बाकीच्यांची एक किंवा दोन, आणि त्यातले एक सिंगापूरला निघालेले. लारावेल सर्वांत चांगलं आहे का, ते मला आजही सांगता येणार नाही. पण आमचा मुलगा उद्या निघून गेला, तर ती वही वाचणारा दुसरा चालत येण्याच्या अंतरावर आहे.

ठराव झाला. अटी मी घातल्या: सगळं काम वाचनालयाच्या नावच्या खात्यात राहील, कसं चालवायचं ते मराठीत लिहून मिळेल, दरवर्षी नव्या आवृत्तीवर नेण्याची तरतूद अंदाजपत्रकात असेल. आणि चौथी अट: रजिस्टर चालू राहील. ती मांडताना माझा आवाज जरा बसला होता. काकांनी मान वर केली नाही.

सभा संपल्यावर त्यांनी रजिस्टर पुढं ओढलं. पुस्तकाच्या नावाच्या रकान्यात लिहिलं, 'लारावेल'. सभासदाच्या रकान्यात माझं नाव. मग चष्म्यावरून पाहत विचारलं, "किती दिवसांसाठी?"

"सुरक्षेच्या दुरुस्त्या आवृत्ती निघाल्यापासून दोन वर्षं असतात, काका."

काकांनी भाच्याला ती निघाल्याची तारीख विचारली, बोटांवर हिशेब केला आणि परतीच्या तारखेच्या रकान्यात सुवाच्य अक्षरात दोन वर्षांनंतरचा दिवस लिहिला.

"ह्या वेळी विसरू नका," ते म्हणाले. "दंड पडतो."