एक टक्का चढ

डाव्या गुडघ्यातली कूर्चा झिजली आहे, असं डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा मला सगळ्यात आधी आठवला तो बेल्जियममधल्या ईपरच्या उत्तरेचा एक चढ. त्याला चढ म्हटलेलं ऐकून दिवेघाटात सायकल घातलेलं कोणीही हसेल. बीट आणि बटाट्याची शेतं, दोन माणसं जेमतेम शेजारी चालवू शकतील असा सिमेंटच्या लाद्यांचा रस्ता, दर लादीच्या सांध्यावर चाकाचं टक्-टक्. डोळ्यांना सगळं सपाट. त्या रस्त्यावर जमीन वर जाते आहे, हे इतकी वर्षं मला माझे पाय सांगत आले.

डॉक्टर म्हणाल्या, सायकल चालवा, फक्त जोर लावू नका. म्हणजे बॅटरीची सायकल. घेतली. आणि पाय गप्प झाले.

ईपर बशीच्या तळाशी बसलेलं आहे आणि बशीचे काठ म्हणजे ते जगप्रसिद्ध ‘रिज’. पासेंडाल गाव ईपरहून चाळीसएक मीटर उंच, तेही दहा-अकरा किलोमीटर अंतर जाऊन. पण काठावर बसलेल्याला तळातलं सगळं दिसतं आणि त्याचे खंदक कोरडे राहतात. तळातल्याच्या खंदकात पाणी. एवढ्यासाठी पहिल्या महायुद्धात, 1917 साली 31 जुलैपासून 10 नोव्हेंबरपर्यंत माणसं त्या चिखलात मरत राहिली. तिथल्या टाइन कॉटच्या दफनभूमीत जवळजवळ 12,000 थडगी आहेत, त्यांतल्या 8,300 हून अधिकांवर नाव नाही. आकडे कुठल्याही माहितीफलकावर मिळतात. ते चाळीस मीटर मात्र फलकावर कळत नाहीत आणि बसच्या खिडकीतून तर मुळीच नाही.

मी म्हणते तो चढ पासेंडालचा नाही, त्याच्याहून किरकोळ आहे. 22 एप्रिल 1915 ला जर्मनांनी इथे क्लोरीन वायू सोडला, दोस्तांची फळी फुटली, आणि ती बुजवायला न्यूव्ह शापेलच्या बाजूने ब्रिटिशांच्या भारतीय सैन्याची लाहोर डिव्हिजन घाईघाईने चालत आणली गेली. 26 तारखेला दुपारी दोनच्या सुमाराला शीख, पठाण, बलुच, पंजाबी आणि त्यांच्या बरोबरच्या गोऱ्या पलटणी एका उंचवट्यावरून खाली उतरल्या आणि समोरचा दुसरा उंचवटा चढू लागल्या. समोरचा तो माउझर रिज. मधली सगळी जमीन उघडी. उतरताना तोफांच्या माऱ्यात, चढताना मशीनगनच्या, आणि शेवटी पुन्हा वायू. जमादार मीर दस्त यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला तो त्याच दिवसासाठी.

त्या उतरणीचं आणि चढणीचं अंतर सायकलवर काही मिनिटांत संपतं. ती काही मिनिटं नीट चालवणं हाच माझा हट्ट. ते साधलं नाही तर बाकीचा दिवस मला फुकट वाटतो.

अडचण अशी की एक टक्का चढ आणि अंगावरचा वारा पायांना सारखेच लागतात. आरामात चालवणाऱ्याला एक टक्क्याला सपाटीच्या दीडपटीहून जास्त जोर लागतो, म्हणजे पायांना कळायला तो भरपूर झाला. पण फ्लँडर्सचा वारा बहुतेक नैर्ऋत्येचा. गावातून बाहेर पडताना तो पाठीशी येतो आणि चढ खाऊन टाकतो, परतताना छातीवर येतो आणि उताराचा चढ करतो. वाऱ्याचा चढ आणि जमिनीचा चढ वेगळे कसे करायचे? मी पायडल मारायचं थांबवते आणि सायकल कशी मंदावते ते पाहते. वारा वेग कमी झाला की पकड सैल करतो, चढ सायकल थांबेपर्यंत सोडत नाही. हे अंगवळणी पडायला मला फार वेळ लागला. कुंपणाच्या आडोशाला एकदा, उघड्यावर एकदा, परतताना पुन्हा. बरोबरचे लोक कंटाळतात. सुरुवातीला नवराही यायचा, आता तो कॅफेत थांबतो.

यातून जी ऐट आली ती कबूल करते. मी बेल्जियम आणि नेदरलँड्समधल्या मराठी मंडळींना, आणि पुण्या-मुंबईहून आलेल्या त्यांच्या आईवडिलांना या रस्त्यांवरून नेते. एका काकांनी धापा टाकत विचारलं होतं, “अहो ताई, तो रिज रिज म्हणतात तो येणार कधी?” मी म्हटलं, “काका, तुम्ही त्याच्यावरच उभे आहात.” मग मागे वळून पाहायला सांगितलं. ईपरचे मनोरे पायाशी. त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. त्या चेहऱ्यासाठी मी पुढच्या प्रत्येक गटाकडून तोच प्रश्न येईपर्यंत मुद्दाम काही बोलले नाही.

दुसरा नेहमीचा प्रश्न, “इथे आपले कोणी होते का?” ईपरच्या मेनिन गेट या स्मारकावरच्या 54,000 हून अधिक नावांत लोक जाधव-शिंदे शोधत मान दुखवून घेतात. मराठा पलटणी तेव्हा मुख्यतः मेसोपोटेमियात होत्या. तिथल्या कूतच्या वेढ्यात अडकलेल्या सहाव्या डिव्हिजनचं नावच पूना डिव्हिजन, आणि तिच्यात 103, 110 आणि 117 अशा तीन मराठा पलटणी होत्या. 29 एप्रिल 1916 ला तिथे शरणागती झाली. हे सांगितलं की लोक हिरमुसतात. मला त्याचं नवल वाटतं. शिपाई खुदादाद खान इथेच ईपरजवळ होलेबेकला मशीनगन सोडेना, तो आजच्या पाकिस्तानातल्या चकवालचा, म्हणून आपला नव्हे?

तर मोटर. बॅटरीची सायकल वाईट नाही. मोटर तुमच्या जोरात आपला जोर मिसळते, ताशी 25 किलोमीटरला कायद्याने सोडून देते. पण माझा एक टक्का ती परस्पर गिळते. माउझर रिजवर पहिल्यांदा तिच्यावरून गेले आणि माथा उलटून गेल्यावर कळलं की आला होता. मोटर बंद करून पाहिली. पंचवीस किलोचं धूड, सपाटीवरही ओढावं लागतं, त्यातला चढ खोटा वाटतो आणि गुडघा रात्री हिशेब मागतो. मदत सगळ्यात कमीवर ठेवली, तरी जे पूर्वी मांडीत कळायचं ते आता अंदाजाने ठरवावं लागतं. स्क्रीनवर चढाची टक्केवारी येते. ती हवेच्या दाबावरून काढलेली, सर आली की डळमळते. आणि आकडा वाचून कळणारा चढ मला नको आहे.

आणखी एक. मी पॅनियरची पिशवी अशी टांगते की बॅटरी दिसू नये. एकसारखी जॅकेटं घालून सुळकन पुढे जाणाऱ्या निवृत्त जोडप्यांना मी वर्षानुवर्षं मनातल्या मनात नावं ठेवली, आता त्यांच्यात गणलं जाणं जड जातं.

बाकी इथलं सायकलिंग बिघडलं आहे ते बॅटरीमुळे नाही. सायकलमार्गांच्या चौकाचौकांत वाट दाखवणाऱ्या क्रमांकांची जी सोय आहे ती लिम्बर्गमधल्या एका खाण-अभियंत्याच्या डोक्यातून निघाली, खाणीतल्या बोगद्यांना जशा खुणा असतात तशी. सोय उत्तम, पण लोक पुढचा आकडा शोधत जातात, जमीन पाहत नाहीत. केमेलबर्ग टेकडीवर रेसवाले तरुण फरसबंदीवर छाती फोडतात आणि उतारावरच्या फ्रेंच अस्थिस्मारकावरून, जिथे पाच हजारांहून अधिक सैनिक एकत्र पुरले आहेत, मीटरवर डोळे लावून निघून जातात. त्यांना शर्यतीचाच इतिहास हवा असेल तर तोही आहे. 1919 च्या वसंतात, युद्ध थांबून सहा महिने झाले नसताना, याच उद्ध्वस्त रस्त्यांवरून रणभूमींची एक शर्यत काढली होती. ब्रसेल्स ते आमियां हा 323 किलोमीटरचा टप्पा ईपरवरून गेला. जिंकणाऱ्या शार्ल डेरायटरला 18 तासांहून जास्त लागले. रस्ताच नव्हता. त्या गड्यांना चढ आणि खड्डा यांतला फरक कळला असेल का, मला शंका आहे.

हल्ली मी मोटरचा आवाज ऐकते. सपाटीवर ती गुणगुणते, चढ लागला की सूर किंचित वर जातो. शांतपणे चालवण्याची मला एवढी हौस होती की साखळीची कुरकूरही सहन व्हायची नाही, आणि आता कान लावून यंत्राची कुरकूर शोधते. माउझर रिजवर तो सूर चढलेला मला ओळखू आला, पण गुडघ्याला जे सांगता यायचं त्याच्या पावही ते नाही. वारा उलटा असला की सूर तसाच चढतो. म्हणजे जुनंच भांडण नव्या रूपात.

तुम्ही कधी या बाजूला आलात तर दुकानदार आधी बॅटरीचीच सायकल पुढे करेल. गुडघे धड असतील तर नको म्हणा, साधी घ्या, आणि वारा पडलेला दिवस पाहून निघा.